डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) लेझर: चार सिटिंगनंतर

उजव्या डोळ्याला तीन सिटिंग, डाव्याला एक. कारण १६ वर्षांची शुगर. मी शिवणकाम करते, त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारला, सुईत दोरा ओवता येईल ना? टेक्निशियन म्हणाली, "हो हो, मस्त दिसेल." या एका वाक्याचे मी गुण कापले. हा लेझर नंबर घालवायला नसतो, आहे ती नजर टिकावी म्हणून करतात. डॉक्टरांनी ते नीट सांगितलं, पण दुसऱ्या सिटिंगला, मी चिडून विचारल्यावर.

काम मात्र चोख. बाहुली मोठी करायचे थेंब, मग बधिर करायचा थेंब, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला चिकटवायचं, डोळ्यावर जेल लावलेलं भिंग. आणि हिरवा लखलखाट सुरू. उजव्या पडद्यावर नको तिथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. मला वाटलं, त्याच जाळणार. तसं नाही. ऑक्सिजनला उपाशी राहिलेला कडेचा पडदाच या वाहिन्या मागवत असतो. त्यावर लेझरचे ठिपके दिले की मागणी कमी होते आणि त्या सुकतात. ठिपके हजाराच्या वर, म्हणून तीन सिटिंगमध्ये वाटले. पद्धत जुनीच, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्येच दाखवलं होतं, की नजर पार जायचा धोका याने निम्म्यावर येतो.

बरेचसे ठिपके कळतही नाहीत. पण घड्याळात तीन आणि नऊ असतात त्या बाजूंना आले, की डोळ्यामागे कळ जाते. तिथे मी हलले. डॉक्टर थांबले, पॉवर कमी केली, ओरडले नाहीत. माझ्या रेटिंगमधला अर्धा तारा त्याचा.

डाव्या डोळ्यात वाहिन्यांचे बारीक फुगे पाझरत होते, मध्यापासून जरा बाजूला. ते टिपून बंद केले. दुखलं नाही. पाझर ऐन मध्यावर असता तर आधी इंजेक्शन दिलं असतं म्हणे.

उठल्यावर थोडा वेळ सगळं गुलाबीसर, अंधारलेलं. थेंबांमुळे पुढचे काही तास उजेड सोसवत नाही. सोबत माणूस आणा, हे फोनवरच सांगायला काय जातं? मी एकटी गेले आणि जिन्यात पायरी चुकले.

आता चार महिने झाले. अक्षर पूर्वीइतकंच दिसतं, नव्या वाहिन्या सुकल्यात. अंधारात शिरल्यावर मात्र नजर बसायला वेळ लागतो. काळ्या कापडावर काळा दोरा असला, तर ते काम मी सकाळवर टाकते.