‘जूली’ : कन्नड बघावी की हिंदी?

माझी मेहुणी दोन महिन्यांपूर्वी बंगळुरूला राहायला आली. परवा म्हणाली, “दाजी, कन्नड शिकतेय, तर सराव म्हणून ती रम्याची ‘जूली’ बघू का? हिंदी मी पाहिलेली नाही.” फोनवर नीट सांगता आलं नाही. मी दोन्ही पाहिल्यात, म्हणून सविस्तर लिहितो. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे ती लपवत बसत नाही: अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाच्या ख्रिस्ती घरातली जूली हिंदू घरातल्या शशीच्या प्रेमात पडते.

कन्नड ‘जूली’ 2006 ची. दिग्दर्शन पूर्णिमा मोहन यांचं, जूली म्हणजे रम्या आणि शशी म्हणजे डिनो मोरिया, तोही बंगळुरूचाच. रम्या मला मनापासून आवडते. बोलीभाषा कानावर पडावी एवढाच हेतू असेल, तर हा चित्रपट वाईट नाही. बेळगाव-सोलापूरकडच्या, घरात थोडं कन्नड ऐकलेल्या माणसाला तो जड जाणार नाही.

पण मी तो पाहिला तेव्हा माझ्या खिशात मोबाइल होता, आणि माझं सगळं अडलं ते तिथेच. जूलीला दिवस गेलेत, शशी दूर आहे आणि त्याला काहीच माहीत नाही. ह्या एका गोष्टीवर अख्खी कथा उभी आहे. माझ्या मनात मात्र एकच चाललेलं, अगं, एक फोन कर ना त्याला! एकदा हा विचार शिरला की जात नाही. पुढच्या रडण्याशी माझं नातंच जुळेना. मी दोनदा थांबवून पुन्हा लावला. बायको शेजारी बसून शांतपणे बघत होती, म्हणजे सगळ्यांनाच हे खटकेल असं नाही. माझ्यापुरतं मात्र ठरून गेलं.

हिंदी ‘जूली’ 1975 ची. तेव्हा घरात फोन येण्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, आणि ट्रंक कॉल लावून असली गोष्ट कोण बोलणार? गर्भपाताचा कायदा 1971 चा, लागू झाला एप्रिल 1972 पासून. म्हणजे चित्रपट आला तेव्हा कायदा जेमतेम तीन वर्षांचा होता आणि लोकलाज शेकडो वर्षांची. त्यामुळे जूलीची आई मार्गारेट जे जे करते ते पटतं. आधी पोट पाडायचा विचार, मग एका श्रद्धाळू बाईच्या सांगण्यावरून तो सोडणं, मुलीला नोकरी लागली असं घरात सांगून दूर पाठवणं आणि बाळंतपणानंतर मूल अनाथालयात ठेवणं. जूली परत येते तेव्हा वडीलही गेलेले असतात. ह्या सगळ्यात मार्गारेट झालेल्या नादिराचा चेहरा बघा. ती कठोर आहे, पण घाबरलेली जास्त आहे. त्या वर्षीचं सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर तिला मिळालं ते उगाच नाही.

माझा कल हिंदीकडे असण्याचं दुसरं कारण अगदी घरगुती आहे. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं. समोरच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर काका राहायचे. ड्युटीवरून आले की आधी मोरीत कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी नखांतली काजळी जायची नाही. त्यांच्या काकू आमच्या आईला नाताळात केक द्यायच्या. आई तो घ्यायची, त्यात अंडं आहे म्हणून स्वतः खायची नाही, आम्हाला द्यायची. हिंदीत जूलीचे वडील, म्हणजे ओम प्रकाशचा मॉरिस, इंजिन ड्रायव्हरच आहेत; त्यांना बघताना मला ते काका दिसतात. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं 1995 च्या डिसेंबरात थांबली. 2006 पर्यंत ती दुनियाच उरली नव्हती, आणि हा काही कन्नड चित्रपट करणाऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही.

तरी एक हळहळ आहेच. ह्या गोष्टीला कर्नाटकात स्वतःची जागा आहे. आज बंगळुरूच्या ज्या व्हाइटफील्डला लोक आयटीसाठी जातात, ते 1882 मध्ये अँग्लो-इंडियन लोकांची वसाहत म्हणून सुरू झालं. कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही त्यांची मोठी वस्ती होती. कन्नड जूलीत मला ह्या मातीचा वास हवा होता. मला तरी तो जाणवला नाही.

लक्ष्मीबद्दल वेगळं सांगायला हवं. मूळ मल्याळम ‘चट्टक्कारी’ 1974 चा, दिग्दर्शक के. एस. सेतुमाधवन. त्यांनीच वर्षभरात हिंदी केला आणि दोन्हीकडे जूली तीच, लक्ष्मी. पुढे कन्नडमध्ये अनंत नागबरोबर तिची जोडी अशी जमली की कन्नड माणूस तिला परकी मानतच नाही. म्हणजे रम्याची तुलना बाहेरच्या कुणाशी नव्हती, घरच्याच बाईशी होती. हे ओझं मोठं आहे आणि रम्याने ते निभावलं नाही असं मी म्हणणार नाही.

हिंदीतही मला खुपणारी गोष्ट आहे. ख्रिस्ती घर म्हणजे दारू आणि भांडण, हिंदू घर म्हणजे पूजा आणि स्वच्छता, अशी वाटणी फार ढोबळ आहे. आमच्या समोरचं घर तसं नव्हतं. पण शेवटी समजूतदारपणा दाखवतो तो शशीचा बाप, उत्पल दत्तचा भट्टाचार्य, आणि तिथे माझी तक्रार थोडी निवते. गाण्यांची तर तुलनाच नको. राजेश रोशनच्या चाली आहेतच, शिवाय हिंदी चित्रपटात प्रीती सागरच्या आवाजात एक सबंध इंग्रजी गाणं आहे, शब्द हरिंद्रनाथ चट्टोपाध्यायांचे. ते घर कसं बोलतं, कसं हसतं, हे त्या एका गाण्यात कळतं.

तर मेहुणीला माझं सांगणं असं, ह्या रविवारी दुपारी हिंदी लाव. कन्नड पुढच्या आठवड्यात, वही-पेन घेऊन, शब्द टिपण्यासाठी. उलट क्रमाने पाहिलीस तर हिंदी लावायची इच्छाच होणार नाही अशी मला भीती वाटते.