साडेआठ हजारांचं पॉलिशिंग मशीन: घरच्या गाडीवर कसं चाललं

आधी निकाल सांगून टाकते. मशीन ठेवून घेतलंय. पण त्याच्यासोबत खोक्यात जे बाकीचं आलं, ते कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

गाडी गडद निळी आहे, आणि गडद गाडीवाल्यांना पुढचं सांगायची गरजच नाही. नाशिकची धूळ, सोसायटीतलं बोअरचं पाणी, आणि एकाच बादलीत, एकाच फडक्यानं रांगेतल्या सगळ्या गाड्या पुसून काढणारा दादा. त्याचा दोष नाही, महिन्याला आपण त्याला देतो तरी किती! पण पार्किंगमधला दिवा लागला की बॉनेटवर दिव्याभोवती गोल जाळं दिसायचं. ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला गोल दिसतात.

मशीन घ्यायच्या आधी एका दुकानात ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं होतं. गाडी आणली तेव्हा आरसा! दोन-तीन वेळा धुतल्यावर जाळं जसंच्या तसं परत. म्हणजे ओरखडे काढलेच नव्हते, मेण आणि तेलकट ग्लेझ भरून झाकले होते. तुम्हीही दुकानात करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी एका कोपऱ्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसायला सांगा. झाकलेलं लगेच उघडं पडतं. दुकानदार कुरकुरला तर तेही उत्तरच.

आता मशीन. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच सांगाडा, हेच हँडल, हाच डायल तीन-चार वेगवेगळ्या स्टिकरखाली ऑनलाइन विकायला आहे. नावापेक्षा काय बघायचं ते सांगते. ड्युअल अ‍ॅक्शन (फोमचं पॅड हेलकावेही घेतं आणि स्वतःभोवतीही फिरतं), ते पॅड जिच्यावर चिकटतं ती ५ इंची प्लेट, ८ मिलिमीटरचा थ्रो, वेगाचा सहा आकड्यांचा डायल. थ्रो म्हणजे पॅड ज्या गोलात हेलकावे घेतं त्याचा व्यास. १५ आणि २१ मिलिमीटरची मशीनंही मिळतात. मोठ्या सपाट पत्र्यावर ती काम झपाट्यानं उरकतात, पण महाग असतात आणि वळणावर लवकर अडतात. माझ्या हॅचबॅकला सपाट जागा आहेच कुठे? छप्पर सोडलं तर सगळी वळणंच.

हार्डवेअरच्या दुकानात मात्र मला वेगळंच गळ्यात मारत होते: ‘मॅडम, घरात ग्राइंडर आहे ना, त्यालाच फोमचं पॅड लावा.’ कृपा करून हे करू नका. साधा ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, आणि फिरतो एकाच जागी. कारचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. दाराच्या कडेवर तर त्याहूनही कमी. तिथे ग्राइंडर एका जागी जरा रेंगाळला की उष्णतेनं थर गेलाच, मग थेट पेंटवाला. व्यावसायिक रोटरी (नुसतं गोल फिरणाऱ्या) मशीनचा वेग खूप कमी असतो, तरी ती शिकलेल्या हातातच बरी.

ड्युअल अ‍ॅक्शनच्या या प्रकारात मोटर पॅडला नुसता हेलकावा देते. पॅड स्वतःभोवती फिरतं ते त्या हेलकाव्याच्या जोरावर, मोकळं. जास्त दाबलंत की फिरणं थांबतं आणि मशीन नुसतं थरथरतं. नवख्यासाठी ही सोयच आहे, रंग जळण्याची भीती फार कमी होते. पण थांबलेलं पॅड काम जवळजवळ काहीच करत नाही आणि वरून पाहून ते कळतही नाही. म्हणून प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करनं एक जाड रेघ मारा. रेघ फिरताना दिसते तोवर काम चालू आहे. माझी रेघ मागच्या दाराच्या हँडलखाली, पत्रा आत वळतो तिथे, हटकून थबकते. तिथे दाब कमी करून मशीन सपाट धरलं, अगदी थोडं कललं तरी सरळ केलं, की पुन्हा सरकायला लागते.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते आधीचं काम. धुणं, मग क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून घेणारा मऊ गोळा. हात स्वच्छ पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा, खरखर लागली तर क्ले हवाच. नाहीतर चिकटलेले कण पॅडखाली येऊन नवे ओरखडे पाडतील. काळ्या प्लॅस्टिकवर आणि रबरावर मास्किंग टेप लावाच. तिथे कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट) वाळलं की पांढरट डाग बसतो आणि दात घासायच्या ब्रशनंही सहज जात नाही. हे सगळं सावलीत, पत्रा गार असताना.

मग पॅडवर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, दीड-दोन फुटांचा चौकोन. मशीन आधी पत्र्याला टेकवायचं आणि मग चालू करायचं, नाहीतर शिंतोडे थेट शेजारच्या गाडीवर. एकवर पसरवायचं, चार-पाचवर नेऊन हात सावकाश आडवा-उभा फिरवायचा. चार-सहा फेऱ्या झाल्या की पुसून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघायचं. सुरुवात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशनं. त्यानं भागलं नाही तरच कटिंग पॅड, म्हणजे जास्त घासणारं. पॅडच्या रंगावर मात्र जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असतो.

आता तक्रारी. खोक्यातल्या पॅडचं वेल्क्रो पहिल्याच बॉनेटवर गरम होऊन सुटायला लागलं. लोकरीचं टोपरं निघालं ते निम्मा धागा पत्र्यावर सोडत. लेबल नसलेल्या बाटलीतलं कंपाउंड वाळूच होतं म्हणा ना. वायर जेमतेम दोन मीटर, म्हणजे एक्स्टेन्शन खांद्यावरून घेतल्याशिवाय छपराला हात लागत नाही. डायल अशा जागी आहे की पकड बदलताना तळव्याचा धक्का लागून वेग वाढतो. थरथर भरपूर, बॉनेट संपेपर्यंत बोटांना मुंग्या येतात. आवाज मिक्सरपेक्षा कमी नाही, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकांची दुपारची झोप सांभाळून वेळ ठरवावी लागते.

जमेची बाजू अशी की टेकवल्यावर वेग पडत नाही, मशीनचं डोकं हाताला चटका लागेल इतकं तापत नाही, आणि स्पेअर प्लेट सुटी मिळते. मी आधीच मागवून ठेवली.

जाळं जवळजवळ सगळं गेलं. बॉनेटवर सोसायटीच्या पत्र्याच्या रेघांचं प्रतिबिंब आता सरळ दिसतं. नख अडकतं असा एक ओरखडा होता, तो आहे तसाच, आणि तो घालवायच्या नादाला लागूही नये. छपरावर कबुतराच्या विष्ठेनं खाल्लेला डाग फिकट झाला, पूर्ण गेला नाही. बोअरच्या पाण्याचे ताजे ठिपके गेले, जुने मुरलेले राहिले.

खर्चाचं म्हणाल तर मशीन साडेआठ हजार. चांगली पॅडं, दोन बाटल्या, क्ले, टेप आणि मायक्रोफायबर मिळून आणखी साडेपाच हजार. म्हणजे १४,०००. जाहिरातीतला आकडा बघून भुलू नका. गाडी पांढरी किंवा चंदेरी असेल तर या खर्चाचा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. मॅट रंग असेल तर मशीन लावायचंच नाही, चमकेल आणि वाट लागेल. सेकंडहँड गाडी असेल, कुठला पत्रा पुन्हा रंगवलाय हे ठाऊक नसेल, तर आधी रंगाचा थर मोजून घ्या. आणि दर महिन्याला मशीन काढायचं नाही, कारण प्रत्येक वेळी क्लिअर कोटचाच थोडा भाग जातो. मी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर करणार; एरवी दोन बादल्या (एक साबणाची, एक फडकं खंगाळायची) आणि स्वतःचं फडकं.

सोसायटीत आता मशीन उसनं मागणारे वाढलेत. मशीन देते, पॅड देत नाही. एका गाडीचा खडा पॅडमध्ये अडकून आला की पुढचे ओरखडे माझ्या बॉनेटवर पडणार. पॅड ज्याचं त्यानं आणायचं.