देवबागचा बंगला आणि माझे ३०,२५१ रुपये

सुट्टीत तारकर्ली-देवबागला बंगला बुक करायच्या तयारीत असलेल्या कोल्हापूरकरांनी आधी हे वाचावं, मग पैसे पाठवावेत. बनावट बुकिंगमध्ये माझे ३०,२५१ रुपये गेलेत. आशा सोडलेली नाही, पण सगळीकडून जी टोलवाटोलवी चाललीय ती बघून लिहायला बसलेय.

सासूबाईंना यंदा पंचाहत्तरावं लागलं. दोन्ही दीर, जावा, पोरं धरून आम्ही अकरा माणसं. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी एकत्र समुद्रावर राहायचं ठरलं. हॉटेलात चार खोल्या घेण्यापेक्षा अख्खा बंगला बरा, म्हणून शोधायला लागले. मोबाइलवर जाहिरात आली: देवबाग, चार बेडरूम, अंगणातून थेट किनारा, रात्रीचे ७,५०० रुपये. आसपासचे बाकीचे लोक त्या तारखांना दहा हजार सांगत होते.

आता जो तो मला सांगतो की स्वस्त दिसलं तिथंच ओळखायला पाहिजे होतं. काय ओळखायचं? अडीच हजारांचा फरक कुठंही असतो, आणि मालकाकडून थेट घेतलं की मधली दलाली वाचते हे खोटं नाही. निम्मा दर लावला असता तर मी ढुंकूनही बघितलं नसतं. हे फसवणाऱ्यांनाही कळतं, म्हणून ते दर बेतानंच खाली ठेवतात.

तीन रात्रींचे २२,५०० झाले. निम्मे आगाऊ, म्हणजे ११,२५० रुपये यूपीआयनं पाठवले. मग सिक्युरिटी डिपॉझिटचे ५,०००, निघताना परत मिळणार होते. ते गेल्यावर लगेच बुकिंग घेणाऱ्या माणसाचा फोन आला: "मॅडम, सिस्टम में एंट्री मॅच नहीं हुई. ५,००१ भेजिए, पहलेवाले अपने आप वापस आ जाएंगे." पाठवले. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपचे हिशेब बघते. एकाच पार्टीच्या, एकाच रकमेच्या दोन नोंदी आल्या की आमच्याकडंही घोळ होतो, त्यामुळं एक रुपया वाढवून पाठवा म्हणणं मला वेडगळ वाटलं नाही. शेवटी निघायच्या आदल्या आठवड्यात त्यानं सांगितलं, पूर्ण पैसे आधी भरले तर भाड्यात दहा टक्के सूट. २२,५०० मधनं २,२५० वजा, भरलेले ११,२५० वजा, राहिले ९,०००. तेही गेले. बेरीज करून बघा, ३०,२५१. परत येणारे पाच हजार अर्थातच आले नाहीत, "चेक-आउटला एकदम देतो" असं उत्तर मिळालं.

पैसे पाठवताना यूपीआयवर समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते वाचा. माझे पैसे चार वेळा गेले आणि नावं तीन निघाली. पहिलं मॅनेजरचं, दुसरं अकाउंटंटचं, असं तो सांगत गेला. बंगल्याचं किंवा मालकाचं नाव एकदाही आलं नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळं माझा अजून जळफळाट होतो. सासूबाईंना घाटात उलट्या होतात. म्हणून मी त्याला फोनवर मुद्दाम विचारलं, करूळनं यावं की फोंड्यानं, सध्या कुठला घाट बरा आहे? तो म्हणाला, "घाट नहीं है मॅडम, सीधा हायवे है."

घाट नाही! कोल्हापुरातनं कोकणात घाट न उतरता कोण गेलंय आजवर? गगनबावड्यावरनं करूळ नाहीतर भुईबावडा, राधानगरीकडनं फोंडा, आजऱ्याकडनं आंबोली. कुठनंही जा, सह्याद्री उतरावाच लागतो. देवबागमध्ये बंगला चालवणाऱ्याकडं निम्मे पाहुणे घाटावरचे असतात. पाहुण्यांनी पहिल्यांदा विचारायची गोष्टच ही, आणि त्याला ती माहीत नसावी? त्या माणसानं नकाशावर सुद्धा देवबाग बघितलं नव्हतं. मी फोन कानाला लावून उभी होते, सासूबाई समोर बसल्या होत्या, आणि मी त्यांना सांगितलं, "हायवे झालाय म्हणं."

हे त्या क्षणी खरं वाटायला कारण होतं. करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ मध्ये बंद ठेवला होता, सगळ्यांना आठवत असेल. एवढं काम झालंय तर रस्ता सुधारला असेल आणि त्यालाच हा हायवे म्हणत असेल, असं मी धरलं. शिवाय बुकिंग घेणारा माणूस मुंबई-पुण्यात बसतो आणि केअरटेकर गावात असतो, ही आजची रीतच आहे. हिंदी बोलला म्हणून संशय घ्यायचा तर कोकणातलं अर्धं बुकिंग बंद पडेल. पण घाटाचं उत्तर चुकलं होतं, आणि ते माझ्या कानानं ऐकलं होतं. तोवर फक्त ११,२५० गेले होते. उरलेले १९,००१ त्यानंतर गेले.

तुम्ही फोन कराल तेव्हा खोल्या, एसी, गरम पाणी विचारत बसू नका. ते त्यांना तोंडपाठ असतं. गावाबद्दल विचारा. घर कुठल्या वाडीत, एसटी कुठं थांबते, कर्ली खाडी घराच्या कुठल्या बाजूला, जेवण कोण करून देतं. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या माणसाला या प्रश्नांची उत्तरं द्यायला एक सेकंद लागत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बंगला होता. जांभ्या चिऱ्याचा, निळ्या खिडक्यांचा, फोटोतला तोच. फक्त आत दुसरी माणसं होती. पावतीची प्रिंट मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेली होती. मालकीणबाईंनी ती दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाल्या की फोटो त्यांच्याच घराचे आहेत, नंबर त्यांचा नाही, आणि अशीच पावती घेऊन आधीही एक कुटुंब दारात आलं होतं. बाईंनी चहा केला, शेजारच्या घरात दोन खोल्या मिळवून दिल्या. रात्रीचे ४,२०० रुपये, अकरा माणसं दोन खोल्यांत. सासूबाई काही बोलल्या नाहीत. जाऊबाई बोलल्या, ते इथं लिहीत नाही.

रात्री ती पावती मी नीट वाचली. तळाला बारीक अक्षरात जीएसटी नंबर. महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, कर्नाटकचा २९, गोव्याचा ३०, हे मला झोपेतनं उठवून विचारा. पावतीवर ०८ होतं, म्हणजे राजस्थान. खोली ज्या राज्यात, नोंदणी त्या राज्यातली लागते. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नाव निघतं, पैसे पडत नाहीत, लॉगिनही लागत नाही. माझ्या पावतीवरच्या नंबरचं कुठलं नावच निघालं नाही. आणि गावातल्या एका घरगुती बंगल्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, त्यामुळं एवढ्याशा व्यवहारावर भपकेदार ‘टॅक्स इन्व्हॉइस’ येणं हेच विचारात पाडणारं आहे. मला ती मोबाइलवर फोटो म्हणून आली होती, तळातला नंबर मुंगीएवढा. कोण मोठं करून बघतं?

फोटोंचंही तसंच. बाहेरचे फोटो खरे होते, बेडरूमचे तिसरीकडचेच. पलंगाशेजारचा प्लगचा सॉकेट बघा. आपल्याकडं तीन गोल भोकं असतात. त्या फोटोत गोल खोलगट वाटीत दोनच भोकं होती, युरोपात असतात तशी. प्रत्येक फोटो गुगल लेन्सला टाका, एकटा दर्शनी फोटो टाकून थांबू नका. ज्या पेजवरनं जाहिरात आली ते कधी उघडलं, नाव कितीदा बदललं, कुठल्या देशातनं चालवतात, हे पेजच्या माहितीत बघायला मिळतं. नकाशावर दिलेल्या फोन नंबरवरही डोळे झाकून विसंबू नका, तिथं कोणीही बदल सुचवू शकतं. आणि व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हणा. "आत गेस्ट आहेत" हे उत्तर आलं की अंगण दाखवा म्हणा, समुद्र दाखवा म्हणा. समुद्राला कसले गेस्ट?

आता पोलीस आणि बँक.

देवबागच्या त्या खोलीतनंच १९३० लावला, सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर. लाइन बिझी. बऱ्याच वेळानं लागला, तक्रार घेतली, पोचक्रमांक आला. इथवर ठीक. पण १९३० चा सगळा जोर पहिल्या तासावर असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवले तर मिळतात. बंगल्याच्या फसवणुकीत पहिला तास कुठला? पैसे महिनाभर आधी जातात आणि कळतं दारात उभं राहिल्यावर. तोपर्यंत ते खात्याखात्यांतनं फिरून एटीएममधनं निघालेले असतात. म्हणून ज्या दिवशी ॲडव्हान्स द्याल त्याच दिवशी सगळी तपासणी करा. गावातला कोणीही माणूस गाठा, किराणा दुकानदार, रिक्षावाला, ओळखीच्या ओळखीतला. शंका आली तर सहलीची तारीख यायची वाट न बघता तिथल्या तिथं १९३० लावा.

कोल्हापुरात परत आल्यावर आमच्या भागातल्या ठाण्यात गेले. "बंगला मालवणचा आहे ना, मग मालवणात द्या." मालवणला फोन केला. "पैसे कोल्हापुरातनं पाठवलेत ना, मग तिकडं द्या." मी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असला तरी कुठलंही ठाणं नोंद घेऊ शकतं, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. समोरच्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही वकील आहात काय?" वकीलच असायला पाहिजे का? मग सांगितलं, रक्कम लहान आहे, लाखांच्या तक्रारी पडून आहेत. माझ्या पगारात ही रक्कम लहान नाही. न्याय संहितेतलं ३१८ फसवणुकीचं कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-ड, दोन्ही लागतात. त्यात कुठं रकमेची किमान मर्यादा लिहिलीय?

बँकेत तर कहर. "पिन तुम्हीच टाकलाय मॅडम, आमची जबाबदारी नाही." मी कुठं म्हणते की तुम्ही टाकला? ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कोणी उघडून दिलं, केवायसी कोणी तपासली, एवढंच विचारलं. त्यावर फॉर्म दिला आणि एफआयआरची प्रत मागितली. पोलिसांनी बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट मागितलं. स्टेटमेंटच्या शिक्क्यासाठी अर्धी सुट्टी टाकावी लागली. जिथं जाहिरात दिसली त्या कंपनीला पेज कळवलं, तर आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही असं छापील उत्तर आलं. जाहिरातीचे पैसे घेताना नियम बघितले नव्हते वाटतं.

एका खात्यात १,८४० रुपये गोठवलेले सापडले असं आता कळलंय. ते सोडवायला न्यायालयात अर्ज करा असं मला सांगितलं, आणि ओळखीच्या वकिलांनीच फी ३,००० सांगितली. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांच्या बनावट बुकिंगबद्दल देशभर इशारा दिला होता. म्हणजे वर दिल्लीत माहीत आहे. इथं टेबलावर बसलेल्या माणसाला मात्र मीच पहिली भेटल्यासारखं आश्चर्य वाटतं.

बँकेनं तीस दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. ते मी करणार आहे. कागद सगळे ठेवा, चॅट डिलीट करू नका, समोरच्याचा नंबर ब्लॉक करायच्या आधी प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या. परतावा देतो म्हणून क्यूआर कोड आला तर स्कॅन करू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही. मला तोही आला होता, ३०,२५१ रुपयांचा, "रिफंड" लिहून. तेवढा मी केला नाही.

देवबागच्या त्या मालकीणबाईंकडं आधी आलेलं कुटुंब सांगली बाजूचं होतं एवढंच मला कळलंय. तुम्ही हे वाचत असाल, किंवा ५,००१ ची तीच मागणी तुमच्याकडंही झाली असेल, तर लाजून गप्प बसू नका, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. त्यात त्याचा फोन नंबर, यूपीआय आयडी आणि पैसे गेलेल्या प्रत्येक खात्याचं नाव लिहा. तक्रारी एकाच खात्यावर जमल्या की मग तरी रक्कम लहान आहे असं कोणाला म्हणता येणार नाही.