पहिलं सिझर, आता नॉर्मल हवंय पण डॉक्टर तयार नाहीत: थांबायचं, बदलायचं की तारीख घ्यायची?

माझं पहिलं सिझर माहेरी, जळगावला झालं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पुण्यात एका मॅडमकडे नाव घातलं आणि पहिल्याच भेटीत विचारलं, नॉर्मलचा, म्हणजे सिझरनंतरच्या नॉर्मलला डॉक्टर व्हीबॅक म्हणतात त्याचा, प्रयत्न करता येईल का. "व्हीबॅक ना, बघू की, अजून खूप वेळ आहे." मी खूश. पाचव्या महिन्यात "बघू", सातव्यात "बाळ कसं वाढतंय त्यावर आहे", आणि छत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीचा कागद हातात धरून म्हणाल्या, वजन जास्त जाईल असं वाटतंय, टाक्यांवर ताण नको, अडतिसाव्यातली तारीख देते, मुहूर्त बघायचा असेल तर घरी विचारून घ्या. म्हणजे नाही असं त्या कधी म्हणाल्याच नाहीत, फक्त माझा वेळ संपेपर्यंत थांबल्या. त्यामुळे तुलना करायच्या आधीच सांगते, तोंडावर स्पष्ट नाही म्हणणारा डॉक्टर परवडला, बघू म्हणणारा नाही.

आधी आपण बसतो का ते बघा. गर्भपिशवीवरचा मागचा काप आडवा आणि खाली असेल तर प्रयत्न करता येतो, उभा काप किंवा आधी पिशवी फाटलेली असेल तर विषयच बंद. पोटावरचा व्रण बघून हे कळत नाही बरं का, वरून आडवा आणि आत पिशवीवर उभा असंही असतं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर "एलएससीएस, फीटल डिस्ट्रेस" एवढीच एक ओळ होती, म्हणजे पिशवीच्या खालच्या भागात काप घेऊन सिझर, बाळ त्रासात होतं म्हणून; ऑपरेशनची पूर्ण नोंद, म्हणजे ओटी नोट्स, भावाला अर्ज घेऊन पाठवून मिळवल्या. नियमाप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आम्हाला दोन चकरा पडल्या, पण मिळालं.

प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं, आधी एक तरी नॉर्मल झालेलं असेल तर ८५ ते ९०. मागचं सिझर बाळ पायाळू म्हणून झालं असेल तर चान्स चांगला, पिशवीचं तोंड उघडत नव्हतं म्हणून झालं असेल तर थोडा कमी. पिशवी टाक्यांवर फाटायचा धोका २०० त १ च्या आसपास, आणि कळा औषधाने आणल्या किंवा वाढवल्या तर दोन-तीन पट. आकडा छोटा आहे पण फाटली तर हातात मिनिटं असतात, तास नाही. सगळी तुलना या एका वाक्यावर उभी आहे.

आता आहे त्याच डॉक्टरकडे राहायचं का. फायदे खरे आहेत, फाइल तिथे, घर जवळ, सासूबाईंचा विश्वास. आणि डॉक्टरची बाजूही समजून घ्या ना, वीस खाटांचं नर्सिंग होम, भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येणार, रक्त दुसरीकडून आणायचं, रात्री दोनला काही झालं तर सगळं त्या एकट्या बाईच्या अंगावर, आणि नातेवाईक काचा फोडतात हे आपण बातम्यांत बघतोच. अशा ठिकाणी त्या नाही म्हणत असतील तर ते प्रामाणिक आहे, तिथे हट्ट करून नॉर्मल करवून घेण्यात शहाणपण नाही. पण सगळी सोय असूनही टाळत असतील तर अठ्ठावीस आठवड्यांच्या आत सरळ विचारा: गेल्या वर्षी किती जणींनी प्रयत्न केला आणि कितींचं झालं, ४० आठवडे उलटले तर काय करता, कळांमध्ये बाळाचे ठोके सतत मशीनवर ठेवता का, रात्री भूलतज्ज्ञ इमारतीत असतो का. उत्तरात आकडा आला तर बोलणं पुढे न्या. "तुम्ही नका टेन्शन घेऊ" आलं तर मी तरी तिथे थांबणार नाही. वजनाचं म्हणाल तर सोनोग्राफीतला अंदाज दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो, आणि टाक्यांची जाडी अमुक मिलिमीटर म्हणजे नाहीच असा सगळ्यांनी मान्य केलेला एकच आकडा नाही.

बदलायचं असेल तर लवकर बदला. मी सदतिसाव्यात फाइल घेऊन फिरले, दोन ठिकाणी "इतक्या उशिरा नाही घेत" ऐकलं, तिसरीकडे घेतलं कारण ओटी नोट्स होत्या. खर्च वाढतो, आणि प्रयत्न फसून सिझर झालं तर बिल कोणत्या पॅकेजने लागणार हे आधी लिहून घ्या, आम्ही नाही घेतलं आणि काउंटरवर वाद घातला. सरकारीचा विचार केला नव्हता, करायला हवा होता. पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम अशा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांत रात्रीही निवासी डॉक्टर आणि भूल देणारे असतात, रक्तपेढी आवारातच असते आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसुद्धा मोफत. गर्दी प्रचंड, खासगी खोली विसरा, जवळचं माणूस आत सोडतील की नाही ते आधी विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत आणि सरकारीत १४.३. अडलेल्या केसेस सरकारीत कमी येतात असं तर कोणी म्हणणार नाही.

तारीख घ्यायची हा काही पराभव नाही. माझ्या जावेने घेतली, शांत डोक्याने, कारण तिला तिसरं मूल नको होतं आणि दोन बाळंतपणांत जेमतेम सव्वा वर्ष होतं, अंतर दीड वर्षाच्या आत असेल तर टाके फाटायचा धोका वाढतो. ठरवून केलेलं सिझर हे चौदा तास कळा देऊन शेवटी धावपळीत केलेल्या सिझरपेक्षा कमी त्रासाचं, हे मान्यच करायला पाहिजे. फक्त दोन गोष्टी. अजून मुलं हवी असतील तर विचार करा, कारण सिझर वाढतील तशी वार (प्लासेंटा) पिशवीत रुतायची भीती वाढते, वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आलेली असेल तर दुसऱ्या सिझरला १०० त ११, तिसऱ्याला ४०. आणि वैद्यकीय कारण नसेल तर तारीख ३९ आठवड्यांनंतरचीच मागा, आधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, गुरुपुष्य असला तरी.

एक चौथा रस्ता कानावर येतो, डॉक्टर ऐकत नाहीत तर घरीच कळा काढायच्या आणि अगदी शेवटी जायचं म्हणजे त्यांना सिझर करायला वेळच मिळणार नाही. नका करू. टाके सुटायला लागले तर पहिली खूण बरेचदा बाळाच्या ठोक्यांत दिसते, ती घरी कोण बघणार?

"एकदा सिझर की कायम सिझर" हे वाक्य तुम्हालाही कोणीतरी ऐकवेलच. ते न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रॅगिन यांचं, १९१६ चं, पिशवीवर उभा काप घ्यायचे त्या काळातलं, आणि ते म्हणत होते की पहिलं सिझर उठसूट करू नका. मला ते जळगावच्या नर्सबाईंनी ऐकवलं होतं, टाके काढताना.

माझं शेवटी एकोणचाळीस आठवडे पाच दिवसांवर झालं, नॉर्मल, सव्वातीन किलो. ओटी पूर्ण वेळ तयार ठेवली होती आणि सिझरच्या संमतीवर माझी सही आधीच घेतली होती, ती मी न कुरकुरता केली.