जुना प्लाझ्मा टीव्ही, दिवाळी ते मिरग: सोलापुरात वापरून आलेला अनुभव

घरात दिवसभर बातम्यांचं चॅनल लागत असेल, किंवा टीव्हीच्या बरोबर समोर पश्चिमेची खिडकी असेल, तर प्लाझ्मा घेऊ नका. पुढचं नाही वाचलं तरी चालेल. ज्यांचा टीव्ही रात्री जेवणं आवरल्यावर लागतो आणि ज्यांना मॅच आणि सिनेमा सोडून फारसं काही बघायचं नसतं, त्यांनी मात्र वाचावं. या पैशात इतकं सुंदर चित्र दुसऱ्या कुठल्याच टीव्हीवर मिळत नाही, असं माझं मत झालंय.

पैसे म्हणजे सेकंडहँडचे, कारण नवा प्लाझ्मा आता मिळतच नाही. पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस उत्पादन बंद केलं, सॅमसंग आणि एलजीने 2014 मध्ये हात आवरले. म्हणजे बाजारात फिरणारा सगळ्यात तरुण प्लाझ्मासुद्धा दहा वर्षांच्या पुढचा. माझा 42 इंची, एचडी रेडी. जुळे सोलापुरातलं एक कुटुंब पुण्याला मुलाकडे राहायला चाललं होतं, त्यांनी दिवाळीच्या आधी नव्या एलईडीच्या चौथाईहून कमी किमतीत दिला. मित्र बघायला आला तो दारातूनच म्हणाला, "काय बे, भंगारवाल्याला द्यायचं ते तू विकत घेतलंस?" हाच मित्र आता मॅच असली की आमच्याकडेच मुक्काम टाकतो.

चित्र चांगलं का, ते थोडक्यात. प्लाझ्माला मागे दिवा नसतो. दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे आणि त्यांत निऑन, झेनॉन वायू. विजेचा दाब मिळाला की वायूतून अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आत लावलेला लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर, म्हणजे असे किरण पडले की चमकणारा लेप, उजळतो. आपल्या ट्यूबलाइटचंच तत्त्व. 1964 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकवण्याच्या संगणकासाठी पहिला असा पडदा केला, तो नुसता नारिंगी होता. मुद्दा असा की जिथे अंधार दाखवायचा, तिथला कप्पा पेटवायचाच नाही. दुकानात 'एलईडी' म्हणून मिळतो तो खरं तर एलसीडीच. त्याच्या मागे दिवे सतत जळत असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवायला बघतो, थोडा झिरपतोच. प्लाझ्माचा काळाही अगदी मिट्ट नसतो. कप्पे तयार ठेवायला थोडी ठिणगी चालूच राहते, त्यामुळे खोलीत पूर्ण अंधार केला की किंचित राखाडी झाक दिसते. पण रात्रीच्या प्रसंगात कोपऱ्यात उभ्या माणसाचा काळा कोट आणि त्याच्या मागची काळी भिंत वेगवेगळी दिसते. आमच्या आतल्या खोलीतल्या एलईडीवर ती दोन्ही एकच होतात.

हलत्या चित्राचं तर विचारू नका. चेंडू सीमारेषेकडे जाताना शेपूट न काढता जातो, आणि कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला तरी चेहरे पुसले जात नाहीत. पेटीवर '600 हर्ट्झ' लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. सेकंदाला सहाशे वेगळी चित्रं येत नाहीत. कप्पा एकतर पेटतो नाहीतर विझतो, मधला उजेड दाखवायला एकाच चित्राचे दहा-बारा झपाटे करावे लागतात, त्यांची ती बेरीज. दुसरं म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग उडत नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे अर्धी मंडळी फरशीवर आडवी होऊन टीव्ही बघतात, त्यामुळे याचं मोल आम्हाला जास्त.

खोडीही आहे. जुन्या कृष्णधवल सिनेमात डोळे पटकन इकडून तिकडे फिरवले की पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला हिरवट-पिवळी रेघ उमटते. हिरवा फॉस्फर विझायला इतरांपेक्षा वेळ घेतो, म्हणून. बायकोला ती दिसतच नाही, मला एकदा दिसल्यापासून दिसतेच.

पांढऱ्याचं प्रकरण गड्ड्याच्या यात्रेत कळलं. जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेचं प्रक्षेपण या टीव्हीवर लावलं होतं. सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतली माणसंच माणसं. सगळा पडदा पांढरा झाला आणि टीव्हीने आपणहून उजेड उतरवला; बाराबंदी धुवायला टाकायच्या लायकीची दिसायला लागली. हा बिघाड नाही. सगळे कप्पे एकदम पूर्ण जोरात पेटवले तर वीज आणि उष्णता झेपत नाही, म्हणून सगळ्याच प्लाझ्मात तसा लगाम असतो. पुढे शोभेच्या दारूकामाच्या रात्री उलटं झालं. काळ्या आभाळात एकेक ठिणगी अशी सुटी दिसली की अण्णासुद्धा चहा विसरून बघत राहिले.

अण्णा, म्हणजे वडील, हाच या टीव्हीचा खरा शत्रू. त्यांना सकाळी आठपासून बातम्या लागतात, आणि बातम्या म्हणजे खाली लाल पट्टी आणि कोपऱ्यात चॅनलचा ठिपका. एकाच जागी तासन् तास उजळलेले कप्पे शेजाऱ्यांपेक्षा लवकर झिजतात आणि त्या आकाराचा डाग कायमचा बसतो. तात्पुरती सावली वेगळी, ती दुसरं काहीतरी हलतं चित्र लावलं की तासाभरात जाते. आमच्याकडे पट्टीची सावली दोनदा आली आणि गेली. मग अण्णांना बातम्यांसाठी आतला एलईडी दिला. त्यांनी थोडी कुरकुर केली, पण तिथे कूलरही आहे. तुमच्या मॉडेलमध्ये चित्र हळूच सरकवत ठेवायची सोय असेल तर ती चालू ठेवा, कॉन्ट्रास्ट निम्म्यावर आणा, आणि जुने चौकोनी कार्यक्रम बघताना बाजूच्या पट्ट्या काळ्याऐवजी राखाडी करा.

आता उन्हाळा आणि बिल. माझा टीव्ही सरासरी दोनशे वॉटच्या आसपास खातो. अंधारी दृश्यं असली की कमी, उजळ असली की जास्त. रोज पाच तास म्हणजे एक युनिट, महिन्याला तीस. तेवढ्याच आकाराचा एलईडी सत्तर वॉट धरला तर दहा-अकरा युनिट होतील. वरची वीसेक युनिटं फार वाटत नाहीत, पण त्यांनी तुम्ही शंभरच्या पुढच्या स्लॅबमध्ये ढकलले जात असाल तर हिशोब करून बघा. आणि ते दोनशे वॉट शेवटी खोलीतच येतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा 42 च्या पुढे असताना टीव्हीच्या वरच्या जाळीवर हात धरला तर तव्यावर धरल्यासारखं वाटतं. भिंतीतल्या बंद शोकेसमध्ये तो बसवूच नका, चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा. आम्ही मे महिन्यात दुपारी तो लावलाच नाही. एक तर उकाडा, त्यात पुढची काच आरशासारखी. पडदे ओढले नाहीत तर सिनेमापेक्षा आपलाच सोफा जास्त दिसतो.

घ्यायचाच असेल तर बघायला जाताना पेन ड्राइव्हवर पूर्ण पांढरा, पूर्ण लाल आणि पूर्ण राखाडी असे फोटो टाकून न्या. डाग राखाडीवर चटकन दिसतो, खालच्या पट्टीची जागा आणि वरचे दोन कोपरे नीट तपासा. विकणारा 'चालू करून दाखवतो' म्हणाला तर दोन मिनिटांत उठू नका, अर्धा तास चहा घेत बसा. बोर्डांचे बरेच आजार तापल्यावरच बाहेर येतात. बारीक गुणगुण असतेच, पण पंखा बंद करूनसुद्धा दहा फुटांवर ऐकू आली तर सोडून द्या. तो खरंच प्लाझ्मा आहे का हेही बघा, कारण दुकानदार सगळ्याच चपट्या टीव्हींना एलसीडी म्हणतात. पुढे टणक काच आणि मागच्या स्टिकरवर वॉटचा मोठा आकडा ही खूण. एचडीएमआयची भोकं किमान दोन असावीत, एक सेट टॉप बॉक्सला, एक इंटरनेटवरचं बघायच्या स्टिकला. 42 इंचीत बहुतेकदा 1024 गुणिले 768 एवढेच ठिपके असतात, तेही आडवे लांबट. आठ फुटांवरून मला फरक कळत नाही, जवळून बारीक अक्षरं मात्र दातेरी दिसतात. आणताना छोट्या हत्तीत उभाच बांधा, मध्ये गादी आणि दोन्ही बाजूंना माणूस. आडवा टाकला आणि रस्त्यात एक खड्डा लागला की काच गेली.

मिरगाच्या आधी वळवाच्या पावसात वीज दोन-तीनदा आली-गेली आणि टीव्ही बंद पडला. पुढचा लाल दिवा नुसता लुकलुकत होता. मेकॅनिकने दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं आणि उघडायच्या आधीच सांगितलं, "साहेब, वाय-सस गेलाय." कप्पे पेटते ठेवणारा तो बोर्ड, त्यावर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, तेव्हा घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. नवा बोर्ड मिळत नाही. त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना मागवला, टीव्हीला पडले त्याच्या जवळपास निम्मे पैसे त्यातच गेले. आता स्टॅबिलायझर लावलाय, आणि ढग गडगडले की आधी प्लग काढतो. मेकॅनिकचं म्हणणं, याच मॉडेलचा काच फुटलेला टीव्ही कुठे मिळाला तर बोर्डांसाठी घेऊन ठेवा. होटगी रोडला एकाकडे आहे म्हणतात, रविवारी बघून येणार आहे.