‘लाइफटाइम फ्री’ होम फोन घेताय? आधी ९३३ लावून बघा

न्यू जर्सीत एडिसन परिसरात आई-बाबांना सहा महिन्यांसाठी आणणाऱ्यांनी हे जरूर वाचा. जुन्या वस्तूंच्या साइट्सवर ‘अनलॉक्ड होम फोन, लाइफटाइम फ्री’ अशा जाहिराती असतात. डबा म्हणजे साधा फोन इंटरनेटवर चालवणारा अ‍ॅडाप्टर, लिंक्सिसचा पीएपी२टी किंवा तसलाच एखादा जुना. एकीकडून राउटरची केबल, दुसरीकडून साधा फोन. व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला, असं नवरा म्हणालाच. पण सासऱ्यांना हातात रिसीव्हर लागतो, आणि इथली फार्मसी काही व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करत नाही.

विकणारा मराठीच. वहिनी-वहिनी करत घरी आला, वायरी जोडल्या, माझ्या मोबाइलवर रिंग वाजवून दाखवली, ४० डॉलर रोख घेतले. नंबरही आतच आलेला. फोन खरंच छान चालायचा. डॉक्टर, बँक, सगळीकडे आम्ही तोच नंबर दिला.

मग शेजारच्या काकांनी विचारलं, ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, पत्ता कुठला जातो? इंटरनेट फोनला वायरीवरून पत्ता कळत नाही. खातं उघडताना जो नोंदवाल तोच रुग्णवाहिकेला मिळतो. २००५ पासून एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) नियमाने कंपन्यांना तो नोंदवून घ्यावा लागतो. बऱ्याच कंपन्यांकडे ९३३ लावलं की नोंदलेला पत्ता वाचून दाखवतात. आम्ही लावलं. पेनसिल्व्हेनियातलं कुठलं तरी अपार्टमेंट निघालं! घरात हृदयाचा पेशंट आहे, हे विकणाऱ्याला आम्ही स्वतः सांगितलं होतं.

त्याला फोन केला. म्हणाला, “९११ मोबाइलवरून करा ना, वहिनी.” आम्ही म्हटलं, पासवर्ड द्या, आमचं आम्ही बदलतो. तर पासवर्डचे वेगळे ६० डॉलर! नाही म्हटल्यावर दोन-चार दिवसांत टोन गेला आणि त्याने फोन उचलणं बंद केलं.

काकांनी फोनवर चार वेळा स्टार (*) दाबून डब्याचा मेनू उघडला, ७३७३८# ने फॅक्टरी रीसेट करायला गेले, तर तिथेही पासवर्ड. डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्याकडे, म्हणून सेटिंग्ज त्याच्या हातात. फोनचं खातं त्याच्या नावावर, म्हणून नंबरही त्याचाच. तो दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचा तर खातेदारच लागतो. ‘अनलॉक्ड’ म्हणजे त्याच्यासाठी अनलॉक्ड. रिंग वाजवून दाखवली त्यातही काही सिद्ध झालं नव्हतं. कॉल त्याच्याच खात्यावरून गेला होता.

जुना अ‍ॅडाप्टर वापरायची कल्पना वाईट नाही. काकांचा वर्षानुवर्षं चालतोय, पण सिप खातं (इंटरनेट फोन कंपनीकडचं खातं) त्यांच्या स्वतःच्या नावाचं आहे. विकणाऱ्याला समोर बसवून फॅक्टरी रीसेट करून घ्या. अ‍ॅडमिन पेज बिनपासवर्डचं उघडलं पाहिजे, प्रोव्हिजनिंगच्या टॅबमध्ये (डबा जिथून आपोआप सेटिंग्ज घेतो ते तिथे असतं) परक्या सर्व्हरचा पत्ता नको. मग तुमच्या खात्याचं नाव-पासवर्ड भरून ‘रजिस्टर्ड’ दिसलं की पैसे द्या. आणि वीज किंवा इंटरनेट गेलं की हा फोनही जातो, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा.

ज्यांनी असा ‘नंबरसकट’ डबा आधीच घेतलाय, त्यांनी बँकेतून आणि डॉक्टरकडून तो नंबर आजच काढा. पडताळणीचा कॉल उद्या कोणाकडे वाजेल ते त्या खातेदाराच्या मर्जीवर आहे. डब्याचं काय करायचं ते नंतर बघा.