पाण्याची बाटली: स्टील, थर्मास, तांबं, प्लास्टिक की सरळ विकतची?

पैशाचा हिशोब आधी उरकून टाकू. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झालीये, बाहेर दुकानात कुठलीही घ्या २० च्या आसपास, आणि थंडगार पाहिजे म्हटलं की काही दुकानदार वरून दोन-पाच रुपये लावतातच. साधी स्टीलची लिटरची बाटली तीनशे-साडेतीनशेला येते, रोज एक बाटली विकत घेणाऱ्याचे पैसे महिन्याच्या आत वसूल.

पर्यावरणाचं मात्र इतकं सरळ नाहीये. स्टील म्हणजे खाण, भट्टी, कोळसा सगळं आलं, त्यामुळे एका स्टीलच्या बाटलीमागचं प्रदूषण एका पातळ पेट (विकतच्या पाण्याची प्लास्टिकची) बाटलीपेक्षा कितीतरी जास्त असतं, ती बरेच दिवस रोज वापरली तरच फायदा. घरात चार बाटल्या पडल्यात आणि सेल लागला म्हणून पाचवी घेतली तर त्यात पर्यावरणाचं काही भलं नाही, तो आपला शौक. आणि पेट बाटली शहरात भंगारवाला आवडीने उचलतो, तिचा पॉलिस्टरचा धागाही होतो, पण गडावर, घाटात, एसटीच्या खिडकीतून बाहेर गेलेली बाटली कोण गोळा करणार?

विकतचं पाणी म्हणजे शुद्ध असंही डोळे झाकून धरू नका. २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात तिथल्या बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले, बहुतेक नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे. शरीरावर नक्की काय परिणाम होतो हे अजून ठरायचंय. पण तीच विकतची बाटली महिनोन्महिने भरून वापरणारे आपल्याकडे ढिगाने आहेत, ते तरी बंद करा, तोंड बारीक असल्याने आत ब्रश जात नाही आणि तळाशी बुळबुळीत थर बसतो.

आता घ्यायची कुठली. सिंगल वॉल म्हणजे एकाच पत्र्याची स्टीलची बाटली माझ्या मते सगळ्यात कामाची, हलकी, पडली तर पोचा येईल पण पाणी गळणार नाही. उन्हात पाणी तापतं आणि थंड पाणी भरलं की बाहेरून घाम येऊन बॅगेतली वही ओली होते, एवढाच त्रास. ३०४ ग्रेड (भांड्यांसाठी वापरतात ते न गंजणारं स्टील) आणि आयएसआय मार्क बघून घ्या. इन्सुलेटेड बाटली, म्हणजे थर्मास, बाईकवर किंवा साईटवर दिवसभर असणाऱ्यांनी जरूर घ्यावी, एसीत बसणाऱ्याला कशाला? जड असते, महाग असते, जोरात आपटून दोन पत्र्यांमधला व्हॅक्यूम गेला की साध्या बाटलीसारखीच, आणि एकदा चहा भरला की झाकणाला वास राहतो तो राहतोच.

तांब्याची घरात ठीक आहे. तिच्यात ताक, लिंबू किंवा कोकम सरबत अजिबात भरू नका, आंबटात तांबं उतरतं आणि मळमळ होते. आतून लिंबू-मीठ लावून घासायला वेळ असेल तरच घ्या, नाहीतर महिन्याभरात ती शोकेसमध्ये जाते 😄

शाळेच्या पोरांना जाड प्लास्टिकची चालेल, खाली त्रिकोणात ५ आकडा असलेली, म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन). फक्त स्ट्रॉवालं झाकण टाळा, त्या नळीत काय साचलंय ते दिसतच नाही. ट्रेकला तीन-तीन लिटर पाठीवर असतं तिथेही हीच हलकी पडते.

दुकानात रंग बघण्याआधी झाकण उघडा आणि आतला सिलिकॉनचा वॉशर नखाने निघतो का ते बघा, निघत नसेल तर ठेवून द्या, कारण काळी बुरशी बरोबर त्याच्याखालीच धरते. तोंडातून ब्रश आत गेला पाहिजे आणि सुटं झाकण, वॉशर मिळाला पाहिजे, नाहीतर पाच रुपयाच्या रबरासाठी चांगली बाटली भंगारात.

आणि खरा कचरा बघायचा तर लग्नाच्या हॉलमध्ये बघा, दोन घोट पिऊन खुर्चीखाली ठेवलेल्या २०० मिलीच्या बाटल्या, कुठली कोणाची कळत नाही म्हणून प्रत्येकजण नवीन उघडतो. तिथे आपली बाटली कोणी आणणार नाही, तिथे २० लिटरचे जार आणि स्टीलचे पेले. पण हे केटररला बुकिंगच्या वेळीच सांगून बिलातून बाटल्या काढायला लावा, आयत्या वेळी सांगितलं तर तो खोके फोडून मोकळा झालेला असतो.